रिपोर्ट स्वच्छ आहे, मग बोन मॅरो कशासाठी?

पारोळा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा ३१ वर्षांचा भाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब बघतो. दिवाळीनंतर ताप हटेना, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं आणि तपासणीत एएमएल, म्हणजे ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया निघाला. मुंबईत पहिली केमो झाली, मज्जेच्या रिपोर्टवर ‘रेमिशन’ लिहून आलं, घरात पेढे वाटले गेले. पुढच्याच भेटीत डॉक्टर म्हणाले की आता बोन मॅरो प्रत्यारोपण करायचं. जनुकांच्या तपासणीत ‘एफएलटी३-आयटीडी’ हा बदल पॉझिटिव्ह आहे. ताईंचं मॅचिंग झालं, ते अर्धं आलं. ताईंची दोन बाळंतपणं झालेली, सासरच्यांचा विरोध आहे, तरी त्या पेशी द्यायला तयार आहेत. सर्वांत धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे, त्याची तपासणीच केलेली नाही, कारण अखजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) त्याचं लग्न आहे आणि आई म्हणते, एका लेकराचं रक्त नासलं, दुसऱ्याच्या हाडाला सुई लावू देणार नाही. ताई विचारतात: रोग गेला असं लिहिलंय, मग एवढा जीवघेणा उपचार का? अर्ध्या मॅचिंगचं प्रत्यारोपण म्हणजे आमच्या भावावर प्रयोग आहे का? पेशी कोणी द्यायच्या? आणि पेपरात येतं ती कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बदलून परत द्यायचा उपचार, का नको?

ताई, थेट उत्तर आधी देते. फाइल मी पाहिलेली नाही, शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून प्रत्यारोपण करा, आणि रिपोर्ट स्वच्छ आहे तोवरच करा. अर्धं मॅचिंग ही आता अडचण राहिलेली नाही. धाकट्या भावाची तपासणी मात्र याच आठवड्यात करून घ्या.

मी मूळची चाळीसगावची. वीस वर्षांहून अधिक काळ प्रत्यारोपणाच्या वॉर्डात काम केलंय आणि महिन्यातून दोनदा जळगावला ओपीडी करते. ‘रिपोर्ट नॉर्मल आला की मॅडम’ हे वाक्य तिथे प्रत्येक वेळी ऐकते, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

काळ्या रानात कुंदा हे तण माजलं की काय होतं हे पारोळ्याच्या माणसाला मी सांगायला नको. नांगरलं, वखरलं, शेत आरशासारखं दिसतं. पहिला पाऊस झाला की आठ दिवसांत कोंब वर, कारण मुळाचे तुकडे खाली राहिलेले असतात. ल्युकेमिया सापडतो तेव्हा अंगात रोगाच्या पेशी साधारण एक लाख कोटी असतात. केमोनंतर मज्जेत कच्च्या पेशी पाच टक्क्यांच्या खाली गेल्या आणि काउंट सुधारले की आम्ही रेमिशन म्हणतो. पण तेव्हाही शंभर कोटी पेशी कुठेतरी दडलेल्या असू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसत नाहीत. एमआरडी नावाची बारीक तपासणी दहा हजारांत एक पेशी असली तरी पकडते, ती तुमच्या भावाची झाली आहे का हे जरूर विचारा. प्रत्येक एएमएल सारखा नसतो. काही प्रकारांत केमोवरच थांबतात. एपीएल नावाच्या प्रकारात तर रेटिनोइक ॲसिड आणि आर्सेनिकवर बहुतेक रुग्ण बरे होतात, तिथे कोणी पहिल्याच फेरीत प्रत्यारोपण सुचवलं तर मी थांबवीन. तुमच्या भावाच्या रिपोर्टात जो बदल आहे, त्यात मात्र नुसत्या केमोवर कुंदा परत येण्याची भीती जास्त असते.

आता मुख्य गोष्ट. गावाकडे समजूत अशी की प्रत्यारोपण म्हणजे खराब रक्त काढून चांगलं रक्त भरणं. पूर्वी डॉक्टरांनाही जवळपास तसंच वाटायचं: जबरदस्त केमो आणि रेडिएशन देऊन रोग जाळायचा, त्यात मज्जाही जळते, म्हणून नवी मज्जा द्यायची. अमेरिकेतले डॉ. ई. डॉनॉल थॉमस यांनी १९५७ साली सहा रुग्णांना दुसऱ्याची मज्जा शिरेतून दिली. त्यातलं कोणीही शंभर दिवसांपलीकडे जगलं नाही. ते मागे हटले नाहीत. १९७७ साली त्यांनी शंभर रुग्णांची हकिकत छापली, सगळे ल्युकेमियाच्या शेवटच्या टप्प्यातले, सगळे उपाय थकलेले. त्यातले १३ जण रोगमुक्त जगत होते. दोनच वर्षांनी त्यांनी पहिल्या रेमिशनमध्येच प्रत्यारोपण केलेल्या रुग्णांचे निकाल मांडले आणि ते कितीतरी चांगले होते. ‘रिपोर्ट स्वच्छ आहे तोवर करा’ हा सल्ला तेव्हापासूनचा आहे. थॉमस यांना १९९० साली नोबेल मिळालं.

त्याच वर्षी दोन हजारांहून अधिक रुग्णांचा एक मोठा अभ्यास छापून आला. हुबेहूब जुळ्या भावंडाकडून मज्जा घेणं सर्वांत सुरक्षित असणार असं कोणालाही वाटेल, मॅचिंग शंभर टक्के. पण रोग उलटण्याचं प्रमाण जुळ्यांमध्येच जास्त निघालं. ज्यांच्या अंगात दात्याच्या पेशींनी थोडी खळबळ केली, त्यांच्यात रोग कमी उलटला. १९९०मध्येच म्युनिकच्या डॉक्टरांनी प्रत्यारोपणानंतर रोग उलटलेल्या तिघांना त्याच दात्याच्या पांढऱ्या पेशी पुन्हा दिल्या, सोबत इंटरफेरॉन होतं, केमो नव्हती. रोग हटला. म्हणजे कॅन्सर मारण्याचं अर्धं काम केमो करते आणि उरलेलं अर्धं दात्याची प्रतिकारशक्ती. रुग्णाच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींना तो रोग घरचाच वाटतो, त्या त्याच्याकडे बघत नाहीत. बाहेरून आलेल्या पेशींना तो परका दिसतो. आपण भावाच्या अंगात रक्त भरत नाही, ताई, आपण त्याच्या रानात नवा जागल्या, म्हणजे राखणदार, बसवतो, जो मुळाचा तुकडा दिसला की उपटतो. तो एका रात्रीत कामाला लागत नाही. त्याला महिने लागतात, आणि शंभर कोटी कोंब एकदम फुटले तर तो पुरा पडत नाही. म्हणून रोग दबलेला असतानाच त्याला कामावर घ्यायचं असतं. प्रत्यारोपणातल्या बहुतेक गोष्टी, दाता कोण असावा इथपासून घरी आल्यावर काय जपावं इथपर्यंत, या एका गोष्टीवरून ठरतात.

जाता जाता, मल्टिपल मायलोमाच्या रुग्णांना ‘स्वतःच्याच पेशींचं बोन मॅरो’ सांगतात, त्याच्याशी गल्लत करू नका. तिथे जागल्या नसतो, फक्त मेल्फलान या केमोच्या मोठ्या डोसनंतर मज्जा सावरायला स्वतःच्या साठवलेल्या पेशी परत देतात. धोका खूप कमी, आणि त्या रोगात तेवढ्याने वर्षं मिळतात. शेजारच्या काकांना तीन आठवड्यांत घरी सोडलं, मग आपल्याला इतके महिने का, असं वाटेल, त्याचं कारण हेच.

प्रत्यक्ष दिवस कसा असतो ते सांगते, कारण घरचे ऑपरेशन थिएटरची कल्पना करून घाबरलेले असतात. त्या आधीचे पाच-सहा दिवस केमो, कधी रेडिएशन. मग ज्याला आम्ही ‘डे झीरो’ म्हणतो तो दिवस. खोलीत बाहेरून गाळलेली हवा, छातीतली लाइन, आणि सलाइनच्या स्टँडला एक छोटी पिशवी. डाळिंबाच्या रसाच्या रंगाची, हातात घेतली तर कोमट. नर्स नाव आणि नंबर दोनदा मोठ्याने वाचते, पिशवी जोडते, थेंब सुरू होतात. तासाभरात संपते. काचेपलीकडे उभ्या असलेल्या धुळ्याकडच्या एका मावशींनी मला विचारलं होतं, ‘मना पोऱ्या बरा व्हई ना?’ आणि पिशवीकडे बोट करून, ‘इतलंच?’ इतकंच. पेशी रक्तातून स्वतःच हाडांच्या पोकळीत जाऊन बसतात, त्यांना वाट दाखवावी लागत नाही. मग दोन ते तीन आठवडे वाट बघायची. तोंडात फोड, घशाखाली पाणी उतरत नाही, काउंट शून्यावर, ताप. रोज सकाळी घरच्यांचा एकच प्रश्न, काउंट किती? एक दिवस शंभर येतात, मग दोनशे. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी सलग तीन दिवस पाचशेच्या वर राहिले की पेशी रुजल्या म्हणायचं.

आता अर्ध्या मॅचिंगचं. मॅचिंग म्हणजे रक्तगट नव्हे. सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाच्या खुणा असतात, त्यांचा एक संच आईकडून, एक बापाकडून. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक, अर्धं जुळण्याची चारांत दोन, अजिबात न जुळण्याची चारांत एक. आईवडील आणि मुलं अर्धी जुळतातच. रक्तगट वेगळा असला तरी चालतं. उलट प्रत्यारोपणानंतर रुग्णाचा रक्तगट हळूहळू बदलून दात्याचा होतो. (मग पुढे होणारी मुलं कोणाची, असं ओपीडीत दबक्या आवाजात विचारतात. मुलं त्याचीच. बदलतं ते रक्त, बीज नाही. पण या उपचाराने बीज कायमचं संपू शकतं, म्हणून केमोच्या पुढच्या फेरीआधी वीर्य साठवण्याबद्दल भावाशी आणि वहिनीशी मोकळेपणाने बोला. संकोचापायी हे राहून जातं आणि दोन वर्षांनी जोडपं माझ्यासमोर रडतं.)

अर्ध्या मॅचिंगला पूर्वी डॉक्टर हात लावायला भीत, ते खरं आहे. परका जागल्या रोगाबरोबर घरच्यांवरही काठी उगारतो: कातडी, यकृत, आतडी. याला जीव्हीएचडी म्हणतात. अर्ध्या मॅचिंगमध्ये तो इतका भयंकर व्हायचा की फायद्यापेक्षा नुकसान जास्त. वाट काढली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी, आणि तीही नव्या महागड्या औषधाने नाही, तर सायक्लोफॉस्फमाइड या १९५०च्या दशकातल्या, आपल्याकडे सहज मिळणाऱ्या स्वस्त औषधाने. युक्ती वेळेची आहे. दात्याच्या ज्या पेशी रुग्णाच्या अंगावर चवताळतात, त्या पहिल्या तीन दिवसांत भराभर वाढू लागतात. नेमकं तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी हे औषध दिलं की वाढणाऱ्या पेशी मरतात. शांत बसलेल्या पेशी वाचतात, आणि रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींकडे (स्टेम सेल) तर या औषधाला निकामी करणारं स्वतःचं एन्झाइम असतं, त्यामुळे त्यांना धक्का लागत नाही. पेशी चढवल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भावाला कडकडून ताप येईल. बऱ्याचदा तो याच चवताळलेल्या पेशींचा असतो. जंतूंसाठी अँटिबायोटिक देतातच, पण ‘स्टिरॉइड देऊन ताप उतरवा ना’ म्हणून नर्सच्या मागे लागू नका. त्या दोन दिवसांत स्टिरॉइड दिलं तर पेशी वाढायच्या थांबतात आणि औषधाच्या तडाख्यातून निसटतात.

हॉपकिन्सच्या गटाचा मुख्य शोधनिबंध २००८ चा. २०१५ साली एएमएलच्या दोन हजारांहून अधिक रुग्णांची तुलना छापून आली: एकीकडे अर्धं जुळणारे नातेवाईक आणि हे औषध, दुसरीकडे पूर्ण जुळणारे बाहेरचे दाते. पूर्ण ताकदीच्या केमोनंतर तीन वर्षांनी हयात असलेले ४५ आणि ५० टक्के, कमी ताकदीच्या केमोनंतर ४६ आणि ४४ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या हिशेबाने फरकच नाही. आणखी पुढे, २०२३ साली पूर्ण जुळणाऱ्या दात्यांमध्येही हेच औषध वापरून पाहिलं, तर वर्षभर जीव्हीएचडीचा मोठा त्रास आणि रोग दोन्ही टाळून जगणारे ३५ वरून ५३ टक्क्यांच्या आसपास गेले. अर्ध्या मॅचिंगसाठी काढलेली वाट आता पूर्ण मॅचिंगवाले वापरतात. त्यामुळे ताई, हा तुमच्या भावावर प्रयोग नाही. प्रयोग इतरांवर होऊन गेले, त्यांनी सोसलं, त्याचा निकाल तुमच्या भावाला मिळतोय.

वर दिलेले आकडे पुन्हा वाचा. शंभरातले पंचेचाळीस-पन्नास. आज चांगल्या केंद्रात, पहिल्या रेमिशनमध्ये, तरुण रुग्णाला मी याहून बरी आशा देते, पण शंभर टक्के म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. उपचाराच्या धोक्यानेच पहिल्या वर्षात शंभरातले दहा ते वीस जण दगावतात, काही ठिकाणी जास्तही. आईला हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. भावाला मात्र माहीत असलं पाहिजे, सही त्याची आहे.

आता दात्याचं. तुम्ही तयार आहात, सासरच्यांचा विरोध पत्करून तयार आहात, हे वाचून माझा ऊर भरून आला. पण मला तुमच्याआधी धाकट्याची तपासणी हवी आहे आणि त्याचं कारण लग्न-सासर हे नाही. बाईला मूल होतं तेव्हा बाळाच्या काही पेशी तिच्या रक्तात मिसळतात आणि तिची प्रतिकारशक्ती त्या ओळखायला शिकते. दोन बाळंतपणं झालेल्या बहिणीच्या पेशी भावाला दिल्या की पुरुषाच्या पेशींवरच्या खुणा त्यांना खुपतात, आणि लांबणारा जीव्हीएचडी जास्त दिसतो. यात तुमचं उणं काही नाही, आणि दुसरा कोणी नसेल तर तुम्ही उत्तम दाता आहात, आम्ही बहिणींच्या पेशी नेहमी घेतो. पण २४ वर्षांचा निरोगी भाऊ असताना त्याला न तपासणं बरोबर नाही. तो पूर्ण जुळायची शक्यता चारांत एक आहेच. अर्धा जुळला तरी तरुण दाता चांगला. रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्ध अँटिबॉडी आहेत का, हीसुद्धा तपासणी करतात. ती आली तर गणित उलटं होऊन तुम्हीच पुढे याल.

आईला सांगा की मणक्याला कोणी हात लावत नाही. जी-सीएसएफचं इंजेक्शन चार-पाच दिवस कातडीखाली देतात. त्याने अंग दुखतं, कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात, फ्लू झाल्यासारखं वाटतं, पॅरासिटामॉलने निभावतं. मूळ पेशी हाडातून रक्तात येतात. मग खुर्चीत चार-पाच तास, दोन्ही हातांत सुया, प्लेटलेट देतात तसंच मशीन. पेशी वेगळ्या निघतात, रक्त परत जातं. काही वेळा दुसऱ्या दिवशीही बसावं लागतं. ओठांना मुंग्या येतात, कॅल्शियम दिलं की थांबतात. गेलेल्या पेशी शरीर काही आठवड्यांत भरून काढतं. पुढे शेतात राबायला, लग्नाला, मूल व्हायला काही आडकाठी नाही.

आणखी एक. प्रत्यारोपण होईपर्यंत भावाला घरच्यांचं, निदान सख्ख्यांचं रक्त किंवा प्लेटलेट देऊ नका. माणसं मायेने रांग लावतात, पण त्याने रुग्णाच्या अंगात दात्याविरुद्धच अँटिबॉडी तयार होऊ शकतात. रक्तपेढीतून इररेडिएटेड, म्हणजे किरण दिलेलं रक्त मागा. सख्ख्यांनी द्यायचंच असेल तर रक्तपेढीत दुसऱ्यासाठी द्यावं.

सगळ्यांत जास्त जे सांगायचंय ते घरी आल्यानंतरचं. प्रत्यारोपणात माझे जे रुग्ण गेले, त्यांतले कितीतरी वॉर्डात नाही, घरी आल्यावर बिघडून गेले. एक तरुण सातपुड्याच्या पायथ्याचा, साठाव्या दिवसाच्या आसपास घरी गेला. एप्रिलचं ऊन. पातळ जुलाब सुरू झाले. घरच्यांना वाटलं ऊन बाधलं, गावातल्या डॉक्टरांनी सलाइन लावलं, गोळ्या दिल्या. आठ दिवस तसेच गेले. तो आतड्यांचा जीव्हीएचडी होता. आमच्याकडे पोहोचला तेव्हा दिवसाला दोन-दोन लिटर पडत होतं आणि स्टिरॉइडने ते आटोक्यात आलं नाही. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर ‘जुलाब झाल्यास संपर्क साधा’ असं इंग्रजीत छापलेलं होतं. त्याच्या आईला ते वाचता येत नव्हतं, आणि मी तिला समोर बसवून सांगितलं नव्हतं. चूक गावातल्या डॉक्टरांची नव्हती, माझी होती. त्यानंतर माझा एकही रुग्ण मराठीत हाताने लिहिलेला कागद आणि गावच्या डॉक्टरांच्या नावाचं पत्र घेतल्याशिवाय घरी गेलेला नाही.

त्या कागदावर काय असतं ते लिहिते. ताप १००.४ फॅरनहाइट दिसला की तो रात्री दोनला असला तरी घड्याळ सुरू झालं समजा. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. पण मुंबईची गाडीही लगेच पकडायची नाही. जळगावहून मुंबई चारशेहून अधिक किलोमीटर, तेवढ्या तासांत जंतू माणूस संपवतात. जळगाव किंवा धुळ्याला अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून घ्यायचा, आमच्याशी फोनवर बोलायचं, मग निघायचं. ही जागा आणि डॉक्टर डिस्चार्जच्या आधी ठरवून ठेवा. तळहात-तळपाय लाल, डोळे पिवळे, दिवसाला तीन-चारपेक्षा जास्त जुलाब, यांतलं काहीही दिसलं की त्याच दिवशी फोन. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस ही जीव्हीएचडी दाबणारी औषधं सुरू असताना गावात अंगदुखीला डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घ्यायचं नाही, किडनी बसते. क्लॅरिथ्रोमायसिनने त्या औषधाची पातळी चढते, टीबीच्या रिफॅम्पिसिनने उतरते, म्हणून कोणतंही नवं औषध विचारल्याशिवाय नाही. पपनस नाही, गुळवेल नाही, भस्मं नाहीत. कपाशीच्या गंजीजवळ, गोठ्यात, जुनं घर पाडतात तिथे वर्षभर जायचं नाही, बुरशीचे बीजाणू तिथल्याच धुळीत असतात. तुमच्या भावाला जिनिंगची नोकरी निदान वर्षभर नाही. उन्हाने कातडीचा जीव्हीएचडी भडकतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, म्हणून पूर्ण बाह्या, डोक्याला उपरणं, आणि पाणी सतत, कारण पाणी कमी पडलं की हीच औषधं किडनी धरतात. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, सगळं चालेल, घरी शिजवलेलं आणि गरम. वर कच्चा कांदा, चिरलेली कोथिंबीर नको. लहानपणीच्या लसी नव्या पेशींना माहीत नसतात, त्या साधारण सहा महिन्यांनंतर पुन्हा द्याव्या लागतात, गोवरासारख्या जिवंत लसी दोन वर्षांनंतर.

एफएलटी३ साठी एक चांगली बातमी. प्रत्यारोपणानंतर सोराफेनिबच्या गोळ्या दिल्या तर रोग उलटणं कमी होतं, असं २०२० साली छापलेल्या चाचणीत दिसलं. हे औषध एके काळी महिन्याला २ लाख ८० हजारांना होतं. २०१२ साली भारताने त्यावर सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंट असूनही दुसऱ्या कंपनीला ते बनवायची मुभा, दिला आणि त्याची भारतीय आवृत्ती ८,८८० रुपयांना मिळू लागली. भावाला ते द्यायचं का, की गिल्टेरिटिनिब हे दुसरं औषध, हे डॉक्टरांना विचारा.

कार-टी. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, मला त्याचा फार अभिमान आहे. पण ती सीडी१९ ही खूण असलेल्या बी-पेशींच्या कॅन्सरसाठी आहे. एएमएलच्या पेशींवर ती खूण सहसा नसते, आणि ज्या असतात त्या निरोगी मूळ पेशींवरही असतात. त्यामुळे तुमच्या भावासाठी ती आज नाही. बाळाची नाळ साठवा, ती पुढे ब्लड कॅन्सरमध्ये उपयोगी पडेल, असं कोणी लग्नघरात सांगायला आलं तर पैसे देऊ नका. स्वतःच्या नाळेत त्याच रोगाचं बीज असू शकतं आणि जागल्याचं काम ती करूच शकत नाही. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदही अशा खासगी साठवणीची शिफारस करत नाही. ‘स्टेम सेल’ पाटी लावून गुडघ्यापासून मधुमेहापर्यंत सगळं बरं करणारे दवाखाने तर पूर्ण टाळा.

खर्च. खासगीत पंधरा-वीस लाखांपासून पुढे, टाटासारख्या ठिकाणी बराच कमी. तिथल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जा, मुख्यमंत्री आणि पंतप्रधान मदतनिधीचे अर्ज ते भरून घेतात. शेत विकायच्या आधी जा, नंतर नाही. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत असते, सोबत्याला ७५ टक्के, रुग्णालयाचा सहीचा फॉर्म लागतो. टाटाच्या खारघरच्या केंद्रात जायचं असेल तर दादरपर्यंत जाऊ नका, ठाण्याला थांबणारी गाडी धरा आणि तिथून पनवेलची लोकल. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती सुरुवातीच्या तपासण्यांसाठी आधार आहेत. प्रत्यारोपणानंतर मात्र शंभर दिवसांपर्यंत रुग्णालयाजवळ स्वतंत्र खोली घ्या, गर्दीत नको.

धाकट्याच्या रक्ताचा नमुना जळगावहूनही पाठवता येतो, कोणत्या लॅबला ते तुमच्या प्रत्यारोपण विभागाला विचारून. मार्चमध्ये पेशी दिल्या तर अखजीपर्यंत तो अगदी ठणठणीत असेल, लग्नाची तारीख हलवायची गरज नाही. मोठा भाऊ मात्र लग्नाच्या वेळी प्रत्यारोपणानंतरच्या साठाव्या दिवसाच्या आसपास असेल. त्याला मांडवात आणू नका, दहा मिनिटांसाठीही नाही. हळदीआधी नवरदेवाला खोलीच्या दारात मास्क लावून उभा करा, दुरून भेटू दे दोघांना. आईलाही तिथेच उभी करा.